गिळलेली ओळ

“अगं सुवर्णा, चिन्ह तसंच उघडं ठेवू नकोस. त्याचा कोड घाल. नाहीतर मशीन पुढचं सगळं गिळतं.”

ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या छायाताईंचं हे वाक्य अजून कानात आहे. पुढे लिहिते आहे ते जसं घडलं तसंच. देवाची शपथ मात्र घेत नाही.

तेवढं तोंड मला उरलेलं नाही.

२००३ साल. नाशिकला अंबडमध्ये आमचं ऑफिस. यंत्रांची माहितीपुस्तकं आम्ही कॉम्प्युटरवर चढवायचो. ‘पेक्षा कमी’चं चिन्ह आलं की त्याच्या जागी ठरलेला कोड लिहायचा. चिन्ह उघडं राहिलं तर मशीन त्याला आज्ञा समजायचं आणि पुढची ओळ छापायचंच नाही.

त्या शनिवारी माझा उपास होता. पाचची बस पकडून काळारामाला जायचं होतं.

“देवाला घाई नसते बाई, तुलाच असते!” छायाताई हसल्या. “जा. तुझी फाइल तपासल्याची सही मी करते.”

मी गेले.

माझ्या फाइलमध्ये एक चिन्ह उघडं राहिलं होतं...

बॉयलरच्या पुस्तकातून एक ओळ गेली. ‘झाकण उघडण्यापूर्वी वाफ सोडा.’

एका कामगाराचे दोन्ही हात भाजले.

“कुणाची फाइल?” आमच्या साहेबांनी, सोमनाथ सरांनी विचारलं.

सही छायाताईंची. मी खाली मान घालून जप करत राहिले. फार सोयीचा जप होता तो.

त्यांना काढून टाकलं. वर्षभरात कावीळ झाली. दवाखान्यात माझा हात धरून म्हणाल्या, “आई बोलत नाही गं माझ्याशी. म्हणते, माणसाचे हात जाळलेस. तिला तेवढं खरं सांगशील?”

“सांगते.”

दुसऱ्या दिवशी त्या गेल्या. मी सांगितलं नाही.

मग सुरू झालं... तेही भर दुपारी.

शेजारची, छायाताईंची खुर्ची रिकामी. आणि तिच्यासमोरचा कीबोर्ड... टक्... टक्...

एकदा पंपाच्या पुस्तकाची प्रत काढली. शेवटच्या पानावर...

‘झाकण उघडण्यापूर्वी वाफ सोडा.’

“पंपात वाफ कुठून आली हो मॅडम?” सर खेकसले.

फाइल उघडली. ओळ फाइलमध्ये नव्हतीच.

प्रिंटर बदलला. ओळ येतच राहिली... फक्त माझ्या पानांवर.

नोकरी सोडली. पाच वर्षं काही झालं नाही. मला वाटलं, उपासांनी सुटले.

गेल्या आठवड्यात मंदिराच्या सप्ताहाची पत्रिका मी लिहून दिली. छापून आली. सगळ्या देवांच्या नावांखाली...

तीच ओळ.

कोण लिहितं, मला कळलेलं नाही. विचारायचं धाडसही नाही.

छायाताईंची आई भागीबाई येवल्याला पैठण्या विणते. अजून लेकीच्या फोटोला हार घालत नाही म्हणे.

आज सकाळी पोथी उघडली नाही. दिवा लावला, दार ओढून घेतलं आणि स्टँडवर आले.

“कुठं, ताई?” कंडक्टरनं विचारलं.

“एक येवला,” मी हळूच म्हणाले.