चार्ज घेतला

फार वेळ घेत नाही, मॅडम. साबेराचा रजेचा अर्ज तुमच्या टेबलावर आहे, चौथा. त्याच्यासाठीच आलो. ती स्वतः पुन्हा विचारायला येणार नाही, म्हणून अर्जाबरोबर बाप आलाय असं समजा. लाइट गेलीच आहे. तुमचा हा बॅटरीचा दिवा टिकेल तोवर माझं ऐका, मग काय लिहायचं ते लिहा.

एक्केचाळीस दिवस झाले, मॅडम. टंचाई कक्षात ती सकाळी फोनवर बसते ती अंधार पडेपर्यंत. घरी येते, ताटासमोर बसते आणि भाताकडे बघून म्हणते, "टँकर निघालाय ताई, निघालाय." मला आधी हसू येतं आणि मग मीच घास कालवून तिच्या हातात देतो.

तुम्ही वाईट अधिकारी आहात असं मी म्हणत नाही. उमादेवी मॅडम, तुम्ही स्वतः रात्री नऊच्या आत घरी जात नाही, हे सगळा तालुका जाणतो. ताण कमी करायचं शिबिरसुद्धा तुम्ही घेतलंत. श्वास कसा घ्यायचा, खांदे कसे सैल सोडायचे, सगळं शिकवलंत. फक्त ते रविवारी घेतलंत आणि हजेरी सक्तीची ठेवलीत.

मी आस्थापना लिपिक होतो. लोक मला रजेचा पीर म्हणायचे. कुणाचाही अर्ज आला की मी तो दुपारच्या आत मंजुरीला पाठवायचो, मग साहेबांची कितीही बोलणी खावी लागोत. लोकांना वाटायचं, मोहियोद्दीन बाबू दिलदार माणूस. दिलदार कसला? मी घाबरलेला होतो. त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यापासून घाबरलेला आहे.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. जुन्या जिल्ह्यातून फायली पोत्यांत भरून ट्रकनं यायच्या. पोती वेळेवर यायची, माणसं यायची नाहीत. त्यात पाऊस दगा देऊन गेलेला. निलंग्याच्या पुढं मांजरेच्या काठी आमचं एक पंपघर होतं. नदी आटून एका डोहात पाणी राहिलं होतं आणि त्यावर दहा-बारा गावांचे टँकर भरायचे. पंपावर तीन ऑपरेटर हवे होते. एक जुन्या जिल्ह्यातच राहिला, दुसऱ्याचा आदेश दोन कार्यालयांच्या मध्ये कुठंतरी अडकला. उरला एकटा धोंडप्पा.

नियम तुम्हाला माहीत आहे. पाण्याच्या पंपावरचा माणूस जागा सोडू शकत नाही. दुसरा माणूस येऊन वहीत 'चार्ज घेतला' म्हणून सही करतो, तेव्हा पहिला सुटतो. तोवर दर तासाला मीटर बघायचा, नोंद करायची. दिवसा, रात्री, कधीही. धोंडप्पानं टँकरवाल्यांच्या हाती रजेचे तीन अर्ज पाठवले. तिन्हींवर मी एकच शेरा लिहिला : 'पर्यायी व्यवस्था झाल्याशिवाय रजा देता येत नाही.' ते वाक्य मला आवडायचं. माझं अक्षरही चांगलं होतं.

मग एका मंगळवारी नवा ऑपरेटर हजर झाला. साहेब म्हणाले, "मोहियोद्दीन, एवढा आदेश धोंडप्पाला देऊन या. उद्या त्याला मोकळं करू." काम एवढंच. कागद पिशवीत टाकला, पाण्याची बाटली घेतली आणि अकराच्या सुमारास वीरण्णाच्या टँकरमध्ये बसलो.

वीरण्णा धिप्पाड गडी, पण डोळे लालभडक. तिसरी रात्र स्टिअरिंगवर काढली होती त्यानं. मधूनच ओल्या फडक्यानं डोळे पुसायचा आणि मोठमोठ्यानं माझ्याशी बोलायचा, झोप लागू नये म्हणून. पंपघराच्या वळणावर त्यानं मला उतरवलं.

"लाइट रविवार दुपारपास्नं न्हाई बगा, साहेब. तवापास्नं समदे टँकर लांबच्या तलावावर भरतेत, हिकडं कुनी फिरकलं न्हाई. पंप बंद असंल. मी तवर टायर जोडून येतो. चारला येतो, लाइट आली तर भरतो."

"डोळा लागू देऊ नकोस रे," मी म्हणालो.

"कशाचा डोळा लागतोय!" तो हसला आणि धुरळा उडवत गेला.

त्या पांढऱ्या उन्हात मी पायवाटेनं खाली उतरलो. माणूस नाही, जनावर नाही, टिटवीसुद्धा नाही. पण पंपघराजवळ आलो तसा मोटारीचा आवाज ऐकू आला. एकसारखा, खालच्या पट्टीतला. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, लाइट आली.

आत ग्रीसचा आणि जळक्या वार्निशचा वास होता. आणखी एक वास होता, तो मला तेव्हा ओळखता आला नाही. मीटरच्या फळीसमोर स्टुलावर धोंडप्पा बसला होता, माझ्याकडे पाठ करून. खांदे पडलेले, मान पुढं झुकलेली.

"रिलीव्हर आला का, भाई?" त्यानं वळून न बघताच विचारलं.

"आलाय. उद्या सकाळी इथं हजर होतो. हा बघ आदेश."

"उद्या न्हाई जमत… आता सही करा."

"मी कसा करू? मी लिपिक माणूस."

"दोन घडी बसा नुसतं. एक डोळा लावून येतो… लई दिस झाले, भाई."

मॅडम, न वाचता मी कधी कशावर सही केली नव्हती. पण त्या आवाजात एवढा थकवा होता की मला लाज वाटली. तीन अर्ज आठवले. बिचारा तासभर झोपेल, आपलं काय जातंय, असं म्हणून मी वही ओढली आणि 'चार्ज घेतला'च्या रकान्यात दस्तखत ठोकलं. हीच माझी चूक. दयेपोटी केलेली.

धोंडप्पा उठला. माझ्या बाजूनं गेला, पण त्याचा चेहरा मला दिसला नाही. मागच्या दारानं, डोहाचं पाणी जिथं येतं त्या पंपाच्या विहिरीकडं उतरला. मी स्टुलावर बसलो.

बसल्या बसल्या वही चाळायला लागलो. एकोणीस दिवसांच्या नोंदी, एकही तास चुकलेला नाही. सुरुवातीला शेऱ्याच्या रकान्यात 'ठीक' असं होतं. मग 'ताप आहे.' मग 'हात जड.' मग 'झोप आली नाही' असं ओळीनं आठ वेळा. रविवारी दुपारी तीनला एकच शब्द होता, 'पडलो.'

त्याच्या पुढं शाई नव्हती. पण नोंदी होत्या, मॅडम… तेच अक्षर, कोरड्या निबानं कागदावर दाबून लिहिलेलं. बोट फिरवलं की लागायचं. रविवार दुपारी चार. पाच. सहा. अख्खी रात्र. सोमवार. आजची सकाळ. प्रत्येक तासापुढं तेच… 'कोणी आलं नाही.'

मी मान वर केली. फळीवरचा मोठा खटका खाली पाडलेला होता. मीटरचे काटे शून्यावर. मी हात लांब करून मोटारीला लावला. थंडगार लोखंड, जरासुद्धा थरथर नाही. आणि आवाज चालूच होता…

स्टुलासमोर एक छोटी खिडकी होती. तिच्यातून विहिरीच्या पायऱ्या दिसतात. खालच्या पायरीवर धोंडप्पा पडला होता. तोंड खाली, एक चप्पल वरच्या पायरीवर. माशा घोंगावत होत्या. तेव्हा तो वास मला कळला. तो आत्ता पडलेला माणूस नव्हता, मॅडम… दोन दिवसांचा होता.

मी पळणार होतो. मनानं मी दारापर्यंत गेलोही. पण पाय उठेनात. कुणी धरलं नव्हतं, काही बांधलं नव्हतं. फक्त थकवा. त्याचे एकोणीस दिवस एकदम माझ्या अंगात उतरले. पापण्यांत वाळू, पाठीत कळ, तोंडाला कडू चव. झोपेनं जीव चाललाय आणि झोप मात्र येत नाही… घड्याळात तीन वाजले आणि माझ्या हातानं पेन उचललं. मी उचललं नाही. हातानं उचललं. शून्य, शून्य, शून्य, आणि शेऱ्यात 'कोणी आलं नाही.' माझ्या त्या चांगल्या अक्षरात.

मी रडलो. अल्लाची, आईची, घरी असलेल्या दोन वर्षांच्या साबेराची आठवण काढून रडलो. मागच्या दारातून कुणीतरी शांतपणे घोरत असल्याचा आवाज यायचा. तो ऐकून मला धोंडप्पाचा हेवा वाटला, मॅडम. मेलेल्या माणसाचा हेवा.

चारला हॉर्न वाजला. वीरण्णा आत आला, डोळे तसेच लाल.

"लाइट आली का? कोण हाय पंपावर? धोंडप्पा कुठं गेला?"

मी मीटरवरून नजर काढली नाही. टँकर भरायच्या आधी ड्रायव्हरनं त्याच वहीत सही करायची पद्धत होती. त्यानं सवयीनं खिशातलं पेन काढलं.

"कुठं करू, साहेब? हितं का?"

ड्रायव्हरचा रकाना डावीकडे होता. मला माहीत होतं. नुसती मान हलवली असती तरी त्यानं योग्य जागी सही केली असती आणि पाणी नाही म्हणून बडबडत निघून गेला असता. मी मान हलवली नाही. मी उजवीकडच्या रकान्यावर बोट ठेवलं. 'चार्ज घेतला.' पूर्ण शुद्धीत ठेवलं. तीन रात्री न झोपलेल्या माणसासमोर ठेवलं.

त्यानं सही केली आणि माझे पाय सुटले.

"तुमी व्हा पुढं, साहेब…" वीरण्णा म्हणाला. आवाज बदलला होता. तो हळूच स्टुलावर टेकला. "मी बसतो जरा."

मी मागं वळून बघितलं नाही. सडकेपर्यंत धावलो. दिवस मावळताना गावातले लोक घेऊन परत आलो. धोंडप्पाला वर काढलं. टँकर दारात उभा होता, किल्ली तशीच. वीरण्णा नव्हता. डोहात गळ टाकले, रानं पालथी घातली. वहीसुद्धा सापडली नाही. मी जबाब दिला, पण बोट कुठं ठेवलं ते सांगितलं नाही. आज पहिल्यांदा सांगतोय.

दोन महिन्यांनी वीरण्णाची बायको केवळाबाई ऑफिसात आली. माझ्या टेबलासमोर उभी राहिली, पदर दातात धरून.

"त्येंची ड्युटी कवा सुटल, साहेब?"

मी समोरची फाइल पुढं ओढली.

"रोज चारला दारात येऊन उभं राहतेत. आत या म्हनलं तर येत न्हाईत. एकच इचारतेत…"

"काय विचारतात?"

"साहेबाची साबेरा कामाला लागली का, म्हन्तेत. कोन हो साबेरा?"

मी तिला काही सांगितलं नाही. माझ्या मुलीचं नाव वीरण्णाला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. मी मुलीला शिकवलं, पण नोकरीला लावायचं नाही असं ठरवलं होतं. ती माझं ऐकते थोडीच! तीन वर्षांपूर्वी तुमच्याकडे लागली आणि यंदा परत तसाच उन्हाळा आला.

काल रात्री जेवताना म्हणाली, "अब्बा, चार दिवस झाले, एक टँकरवाले काका येतात. दुपारी चारला. जुनी वही असते हातात. म्हणतात, बेटी, एक दस्तखत कर, मला घरी जायचंय. फोनमधून सवड मिळत नाही म्हणून मी उद्या या, उद्या या करते. वाईट वाटतं हो, किती थकलेले दिसतात. उद्या करूनच टाकते." मी तिथंच ताट सारलं. आज ती आंघोळीला गेली तेव्हा बाहेरून कडी लावली आणि चार वाजून गेल्यावरच उघडली. खूप भांडली. भांडू दे. म्हणून मी इथं आहे, मॅडम. तिला महिनाभर रजा द्या. तो आला तर…

काय म्हणालात?

आज आला होता? साबेराची खुर्ची रिकामी बघून तुमच्याकडे आला?

…आणि तुम्ही सही केलीत. बिचारा किती थकलेला, म्हणून. हो. तसंच होतं. दयेनंच होतं.

मॅडम, मी आल्यापासून तुम्ही एकदाही मान वर केलेली नाही. शिपाई चहा ठेवून गेला, त्यावर साय धरली. तुमच्या घरून तीनदा फोन आला. उठा. खिडकीपर्यंत जाऊन दाखवा, मी माफी मागतो आणि निघतो… उठा ना, मॅडम.

नाही. रडू नका. मला माहीत आहे कसं वाटतं ते. तुमच्या घरी लेकरं आहेत. माझं वय अडुसष्ट, मला तशीही झोप येत नाही. वीरण्णाच्या वेळी माझं बोट खरं तर माझ्याकडंच वळायला हवं होतं. ते त्या दिवशी जमलं नाही. आज जमवतो. वही इकडे करा.

झालं. उठलात? बघा, पाय चालतायत. साबेराच्या अर्जावर आधी सही करा आणि मग सरळ घरी जा. मी इथं बसतो… ही खुर्ची बरी आहे.

आणि मॅडम, ऐका. उद्या माझी पोरगी मला शोधत येईल, हातात डबा घेऊन. तिला या खोलीत येऊ देऊ नका. बापाला भेटायचंय म्हणून रडली तरी देऊ नका… तिला बघितल्यावर माझं बोट कुठं जाईल, माझं मला सांगता येत नाही.