तिठ्यावरचा हिरवा बाण

ही गोष्ट खरी आहे. खोटी असती तर मी तिच्यात स्वतःला जरा बरं दाखवलं असतं.

खाली कमेंटमध्ये 'फेकतोय' असं लिहिणारे लिहितीलच. खुशाल लिहा. आज रविवार आहे, सकाळचे आठ वाजून पाच मिनिटं झालीत. मी बाहेरच्या खोलीत बसून मोबाईलवर हे टाईप करतोय. माझ्या एका पायात सायकलचा बूट आहे, दुसरा पाय अनवाणी आहे. तो का, ते शेवटी सांगतो.

बायको स्वयंपाकघरात आहे.

मुलगी पावणेसातला सायकल घेऊन बाहेर पडली.

मी जमीन मोजणीच्या ऑफिसात नकाशे काढतो. त्यामुळे आमच्या सायकल क्लबात मार्ग आखायचं काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं. मी तीन मार्ग आखले. हिरवा मार्ग तळ्याकाठचा, सपाट, नवशिक्यांसाठी. पिवळा फळबागांमधून जाणारा, थोडा दम काढणारा. आणि लाल मार्ग पक्क्या गड्यांचा. पाच किलोमीटर उभा चढ, मग खाणीच्या बाजूचा उतार आणि उताराच्या तळाशी काटकोनात वळण. वळणाला कठडा नाही.

तिन्ही मार्ग आठ किलोमीटर एकत्र जातात आणि एका तिठ्यावर फुटतात. तिथे रस्त्यावर रंगीत खडूनं तीन बाण काढलेले असतात. ज्याचा जो रंग, त्यानं त्या बाणानं जायचं.

प्रत्येक गटात सगळ्यात मागे एक जाणता माणूस असतो. त्याला आम्ही शेपूट म्हणतो. शेपटीनं कुणाच्याही पुढे जायचं नाही, हा पहिला नियम. आपल्या गटाचा शेवटचा माणूस वळला की ओल्या फडक्यानं आपला बाण पुसायचा, हा दुसरा. नाहीतर पुढच्या रविवारी जुने बाण लोकांना भलतीकडे नेतात. आणि नवशिक्यांना एक तंबी असते, मागे वळून बघायचं नाही. मान वळली की हँडल वळतं. मागून शेपूट सांगेल तसं चालवायचं.

अकरा वर्षांपूर्वी हिरव्या मार्गाची शेपूट मी होतो.

आणि माझ्या पुढे एकच माणूस उरला होता. माझा मेहुणा, बायकोचा सख्खा मोठा भाऊ.

त्याची बेकरी होती. देह चांगला ऐसपैस. पहाटे भट्टी उरकून यायचा, अंगाला ताज्या पावाचा वास घेऊन. सायकल चालवायचा गोगलगायीच्या वेगानं. दिसेल त्या फाटकाशी थांबून गप्पा, तळ्यातल्या बदकांची चौकशी. सगळ्या क्लबचा लाडका होता तो.

माझ्या मात्र तो डोक्यात जायचा. खोटं कशाला बोलू?

आदल्या दिवशी आमच्याकडे जेवायला बारा माणसं होती. तेव्हा तो मोठ्यानं म्हणाला, "आमचे दाजी सगळ्या जगाचे रस्ते आखतात, पण घरात बायकोला विचारल्याशिवाय संडासलाही जात नाहीत." सगळे हसले. बायको सगळ्यात जास्त हसली.

मला दाजी म्हणणारा तो जगात एकटाच.

त्याची एक गोष्ट फक्त मला ठाऊक होती. त्याला लाल आणि हिरवा रंग वेगळे दिसायचे नाहीत. भट्टीत पाव तांबूस झाला की नाही, हे तो वासावरून ओळखायचा. लोक हसतील म्हणून त्यानं हे घरातही कुणाला सांगितलं नव्हतं. मला सांगितलं, कारण बाण माझे होते. तिठ्यावर तो दरवेळी थांबायचा आणि हळूच विचारायचा, "दाजी, आपला कुठला?"

त्या दिवशी धुकं होतं. तिठ्याच्या थोडं अलीकडे तो एका म्हाताऱ्या माळ्याशी बोलत थांबला. मला म्हणाला, "पुढे व्हा दाजी, मी येतो मागून."

मी पुढे झालो. तिठ्यावर आलो. पिवळ्यांच्या शेपटीनं आपला बाण पुसलेला होता. लाल गटाची माणसं मात्र त्या दिवशी उशिरा निघणार होती, म्हणून त्यांचा बाण तसाच होता.

मी फडकं काढलं...

आणि हिरवा बाण पुसून टाकला.

डोक्यात एवढंच होतं की चढेल अर्धा डोंगर, लागेल धाप, येईल परत. मग बारा माणसांसमोर मी हसेन.

खाणीच्या पहारेकऱ्यानं नंतर सांगितलं की तो सायकल हातात धरून, धापा टाकत चढत होता. पहारेकरी म्हणाला, "अहो, हा रस्ता तुमच्यासाठी नाही." त्यावर तो म्हणाला, "आमच्या दाजींनी आखलाय. चुकायचा नाही."

वरून तो सायकलवर बसला.

वळण त्याला घेता आलं नाही.

मी सगळ्यांना सांगितलं की तो गप्पा मारत मागे राहिला, मला पुढे जा म्हणाला, आणि चुकून लाल बाणानं गेला. बायकोनं विश्वास ठेवला. अजून ती त्याच्या नावानं चिडते. "वेंधळा मेला! समोरचा रंग दिसू नये माणसाला?"

मी मान डोलावतो.

पुसायचं ते फडकं त्याच्याच बेकरीतलं होतं. ते मी तळ्यात फेकून दिलं. शेपूट व्हायचं सोडलं. त्यानंतर फक्त पुढे जाऊन बाण काढायचे, एवढंच केलं. अकरा वर्षं काही झालं नाही. सगळं मागे पडलं, असं वाटायला लागलं होतं.

मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. आता पंधराची आहे. दोन आठवड्यांपूर्वी ती क्लबात आली. पहिला रविवार, हिरवा मार्ग.

मी नेहमीप्रमाणे आधी जाऊन बाण काढले आणि तळ्याकाठच्या चहाच्या टपरीवर थांबलो. एकेक जण येत गेला. शेवटी आमचा पोस्टमन आला. त्या दिवशीची शेपूट तोच होता.

मुलगी आली नव्हती.

"ती पुढे गेली ना?" पोस्टमन म्हणाला. "माझ्या मागे तर कुणीच नव्हतं. आणि काय हो, आज तिठ्यावर हिरवा बाण काढायला विसरलात? मला पुसायला काही नव्हतंच."

मी बाण काढला होता. चांगला हातभर लांब.

मी सायकल उचलणार, इतक्यात धुक्यातून मुलगी आली. हसत होती.

"बाबा, शेपूट-काका किती मस्त आहेत रे! बाण नव्हता, पण मागून म्हणाले, डावीकडे घे. सारखं म्हणत होते, सावकाश, घाई कुणाला आहे."

पोस्टमन माझ्याकडे बघायला लागला.

"तू बघितलंस त्यांना?" मी विचारलं.

"मागे बघायचं नसतं ना? तूच शिकवलंस. पण ते जवळ आले की काय वास येतो... ताज्या पावाचा."

मी सायकल परत टपरीला टेकवली.

"आणि बाबा, ते तुला दाजी का म्हणतात?"

मंगळवारी मी रजा टाकून एकटाच तिठ्यावर गेलो. भर दुपार होती. लख्ख ऊन. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. खात्री करून घ्यायची म्हणून मी खडूनं हिरवा बाण काढला आणि सायकलवर बसलो.

दहा पावलंसुद्धा गेलो नसेन...

टिक... टिक... टिक...

पायडल न मारता सायकल नुसती सोडून दिली की मागच्या चाकाचा येतो ना, तो आवाज. माझ्या मागे. अगदी सावकाश.

मी थांबलो. आवाज थांबला.

वळून बघितलं. रस्ता रिकामा होता. ज्या जागी मी बाण काढला होता तिथे ओला पट्टा होता. फडक्यानं पुसल्यावर उरतो तसा.

मी तिथून जो पळालो तो घरी येऊनच थांबलो. त्यानंतर तिठ्यावर पाय ठेवलेला नाही. बाण काढायचं काम गुडघ्याचं निमित्त सांगून दुसऱ्याच्या गळ्यात घातलं. स्वतःच्या मुलीला मात्र त्याच तिठ्यावरून जाऊ दिलं. हेही लिहून ठेवतो.

कारण अडवायचं तर कारण द्यावं लागलं असतं.

दुसरा रविवार, पिवळा मार्ग. मुलगी घरी आली ती हँडलला एक फडकं अडकवून. ओलं. एका कोपऱ्याला भट्टीत जळल्याचा डाग.

"काका म्हणाले हँडलला लावलंय, बाबांना दे. त्यांचं आहे म्हणे."

बायकोनं ते हातात घेतलं. उलटसुलट करून बघितलं. "अहो, हे दादाच्या बेकरीतलं नाही का? असाच डाग होता."

"असली फडकी घरोघरी असतात," मी म्हटलं.

तिनं फडकं पिळून दोरीवर टाकलं. आज आठवडा झाला. कडक उन्हात आहे. अजून वाळलेलं नाही.

त्याच संध्याकाळी मुलगी म्हणाली, "बाबा, काका म्हणतात मी तयार आहे. पुढच्या रविवारी लाल. आणि त्यांनी विचारलंय, दाजींना विचार, मागचा ब्रेक लागतो का?"

एक गोष्ट मी वर लिहिली नाही. लिहायची नव्हती.

अकरा वर्षांपूर्वी निघताना मेहुणा मला म्हणाला होता, "दाजी, माझा मागचा ब्रेक सैल झालाय, जरा बघता का?" पाना माझ्या खिशात होता. मी म्हटलं, "हिरव्या मार्गावर ब्रेक कशाला लागतो?"

तिठ्यावर बाण पुसताना हे माझ्या लक्षात होतं.

होतं लक्षात.

हा आठवडाभर मी मुलीच्या सायकलचा मागचा ब्रेक रोज तपासला. आज पहाटे साडेपाचला पुन्हा नट आवळला, दोनदा ओढून बघितला. मग दारात आडवा उभा राहिलो.

"आज जायचं नाही."

"का?"

"मी सांगतो म्हणून."

"बाबा, काहीतरी कारण सांग ना! सगळे वाट बघतायत."

बायको चहाचा कप घेऊन मागे येऊन उभी राहिली. "खरंच, काय कारण आहे ते सांगा की. सांगितलं तर ती थांबेल."

थांबली असती. माझी पोर हट्टी नाही. मी एक वाक्य बोललो असतो तर तिनं हेल्मेट काढून ठेवलं असतं.

पण ते वाक्य बायकोसमोर बोलायचं होतं.

मी बाजूला झालो.

सव्वा तास येरझाऱ्या घातल्या. शेवटी राहवेना, म्हणून तिच्या मागे जायला बूट घालायला बसलो. एक घातला. दुसऱ्यात पाय सरकवला तर अंगठ्याला काहीतरी टोचलं.

बूट उलटा केला...

ब्रेकचा नट होता. मी पहाटे आवळलेला.

मुलीला फोन लावला. रेंज नाही. लाल गटाच्या पुढाऱ्याला लावला. रेंज नाही. चढावर कधीच नसते. पोस्टमनला लावला. तो तळ्याकाठी होता, हिरव्या गटाबरोबर.

"लालच्या मागे आज कोण आहे?" मी ओरडलोच.

"मला काय विचारता? यादीत तुमच्याच अक्षरात लिहिलंय की. लाल मार्ग, शेपूट, मेहुणे. मला वाटलं कुणी नवीन आलंय."

कुठल्या गटाची शेपूट कोण, ही यादी मीच लिहायचो, पण आजची मी केलेली नाही. गेले दोन आठवडे मी यादीला हातही लावलेला नाही.

गाडीनं निघालो तरी तिठ्यापर्यंत वीस मिनिटं. पुढे खाणीच्या रस्त्यावर आडवा खांब आहे, गाडी जात नाही. हे मी स्वतःलाच सांगतोय. खरं कारण तुम्हाला कळलंच असेल. मला तो तिठा पुन्हा ओलांडवत नाही. मागून टिकटिक आली तर तो आवाज या वेळी थांबेल की नाही, मला माहीत नाही.

म्हणून इथे बसून तुम्हा अनोळखी माणसांना सांगतोय. जे घरात दोन माणसांना सांगायचं होतं, ते.

आठ चाळीस झाले. गट चढाच्या माथ्यावर पोहोचला असेल. तिथून खाली उतरायला चार मिनिटं लागतात. मीच मोजली होती.

आठ त्रेचाळीस.

स्वयंपाकघरातून वास येतोय...

गरम. ताज्या पावाचा. गॅस बंद आहे, मला इथून दिसतोय.

आत्ताच बायको दारात येऊन उभी राहिली. हातात ते ओलं फडकं आहे. चेहरा पांढरा पडलाय.

"अहो," ती म्हणाली, "दादाच्या भट्टीचा वास येतोय. तुम्हाला येतोय का?"

मी तिच्याकडे बघितलं.

"नाही," मी म्हटलं. "मला नाही येत."