राणीचे पाय का थरथरतात?

"कौस्तुभ, धावत ये! राणीकडे बघ!"

शिवानीची हाक ऐकून तिचा मित्र कौस्तुभ हातातली आंब्याची फोड तशीच टाकून धावला. काचेच्या पेटीत राणी, म्हणजे योगेशदादाची तळहाताएवढी टॅरंटुला कोळीण, वेडीवाकडी पडली होती. तिचे आठही पाय थरथरत होते. एक पाय पुढे टाकायला जावं, तर दुसराच भलतीकडे जात होता.

योगेशदादा परीक्षेसाठी पुण्याला गेला होता. मोठ्या विश्वासाने त्याने राणीला बरकतपुऱ्यातल्या आपल्या चुलतबहिणीच्या, शिवानीच्या हवाली केलं होतं. आठ दिवस सांभाळायचं होतं आणि आज तिसराच दिवस!

"म्हातारी झाली असेल," दारातून हिम्मतकाका म्हणाले. "टाका उचलून बागेत!" हिम्मतकाकांना जगातलं सगळं येत असे, फक्त डबीवरच्या सूचना पाळणं तेवढं जमत नसे.

"सकाळी चांगली खात होती, काका! तुम्ही इथे फवारा तर नाही ना मारलात?"

"छे! मी या खोलीत पाऊलसुद्धा टाकलं नाही," म्हणत काका निघून गेले.

खोलीत कसलाच वास नव्हता. पेटीचं जाळीचं झाकणही घट्ट बसलेलं होतं. मग झालं काय?

कौस्तुभ खिडकीतून अंगणातल्या कुत्र्याकडे बघत होता. "शिवे, काकांचा बादशा बघ! काल दिवसभर खाजवत होता. आज एकदाही नाही!"

"पिसवांचं औषध!" शिवानी किंचाळलीच. पिसवा मारणारं औषध कोळ्यालाही मारतं, हे दादाने तिला दहादा बजावलं होतं. "पण मी बादशाला हातही लावला नाही रे! चल, काकांना विचारू."

"नक्को! विचारलं की ते उडवून लावतील. त्यांना शिकवायला सांगू!"

दोघं अंगणात गेली. "काका," कौस्तुभ भोळा चेहरा करून म्हणाला, "आमच्या गल्लीतल्या कुत्र्याला पिसवा झाल्यात. तुम्ही बादशाला एका दिवसात कसं बरं केलंत?"

काकांची छाती फुगली. रिकामी ट्यूब घेऊन ते दाखवू लागले. "असे मानेवर थेंब टाकायचे. डबीवर लिहिलंय, हात न लावता वाळू द्या. पण तेवढ्याने काय होतंय? मी आपलं पंच्याने अंगभर चोळलं!"

"कुठल्या पंच्याने?" शिवानीने घाईने विचारलं.

"तो काय, दोरीवर..." काकांचं बोट हवेतच राहिलं. दोरी रिकामी होती!

मे महिन्याच्या त्या उन्हात घरात माठाला, खिडकीला ओलं फडकं गुंडाळत. राणीलाही गारवा मिळावा म्हणून दुपारी शिवानीनेच दोरीवरचा पंचा ओला करून पेटीच्या जाळीवर पसरला होता. तो अजून तिथेच होता!

तिला रडू फुटलं. पण रडत बसायला वेळ नव्हता. पंचा चिमट्याने दूर टाकून तिने फोन लावला. "दादा, चूक माझ्या हातून झालीय," असं म्हणत एका दमात सगळं सांगून टाकलं.

मग दादा म्हणाला, "यावर उतारा नाही, शिवानी. हात कोपरापर्यंत साबणाने धुवा. तिला नव्या डब्यात हलवा. जुनं काहीही घेऊ नका."

कौस्तुभने नव्याकोऱ्या डब्याला भोकं पाडली. आत स्वच्छ कागद आणि पाण्याची वाटी ठेवली. शिवानीने श्वास रोखून पुठ्ठ्याच्या तुकड्याने राणीला हळूच आत सरकवलं. राणीने पाय झाडले आणि एकदम निपचित पडली.

"गेली?" कौस्तुभ कुजबुजला.

एक पाय किंचित हलला!

दोन दिवस डबा माडीवरच्या बंद खोलीत होता. राणी थरथरतच होती. शिवानीला जेवण गोड लागेना. हिम्मतकाका बादशाला साखळी लावून जिन्याखाली बसून राहिले.

तिसऱ्या दिवशी सकाळी राणी आठही पायांवर ताठ उभी होती आणि सावकाश, सरळ चालत वाटीपाशी आली!

"हौ! जगली!" कौस्तुभने घर डोक्यावर घेतलं.

दादा परतला तेव्हा काकाच पुढे झाले. "पोरीचा दोष नाही, योगेश. औषधाचा पंचा दोरीवर मी टाकला आणि कुणाला सांगितलं नाही. या दोघांनी शोधून काढलं, म्हणून वाचली."

दादाने शिवानीकडे पाहिलं. "मला वाटलं होतं, तू घाबरून लपवशील."

"घाबरलेच होते," शिवानी म्हणाली. "म्हणून तर लगेच फोन केला."

दादाने डबा उचलला आणि पुन्हा तिच्याच हातात दिला. "मग उन्हाळा संपेपर्यंत राणी तुझ्याकडेच राहील."