आकाश गार लागेना

खोटं वाटलं तर वाटू दे, पण हे केस्किलसोबत घडलंय. माझा सख्खा मावसभाऊ. गेल्या जूनमध्ये, इंदिगिर्का नदीच्या काठी, आमच्या गावामागच्या टुंड्रात, पार उत्तरेच्या त्या बिनझाडांच्या माळावर.

रात्र होती म्हणायचं, पण जूनमध्ये आमच्याकडे सूर्य मावळतच नाही.

म्हणजे जे झालं ते लख्ख उजेडात.

गावातली शाळा खचत चाललीय. खालची गोठलेली जमीन वितळतेय ना. केस्किल एका संस्थेसाठी जमीन किती वितळलीय ते मोजतो; नवी शाळा कुठं बांधायची ते त्याच्या आकड्यांवर ठरणार होतं. जमिनीतून सूक्ष्मलहरी निघतात, त्या टिपून तापमान सांगणारं यंत्र आणि शेजारी वारा मोजायचं चक्र, एवढाच पसारा.

यंत्राची लोखंडी तिवई चिखलात रुतली. काढली, परत रुतली. वैतागून त्यानं नदीतून वाहून आलेले चार ओंडके रोवले, वर फळ्यांचा माच केला. मधे भोक, भोकाखाली टांगलेलं यंत्र.

त्याच्यासोबत काम करणारी तुस्कुल फिदीफिदी हसली. "हे काय रे? मुडदा ठेवणारेस वर?"

आमचे पूर्वज मेलेल्याला असंच चार खांबांवर, उघड्यावर ठेवायचे.

"जागा रिकामी आहे," केस्किल म्हणाला. "हवी त्यानं यावं."

यंत्र रोज एकदा उलटं करून भोकातून आकाश बघायचं. यंत्राला आकाश भयंकर गार लागतं. तसं लागलं तरच बाकीचे आकडे खरे.

दुसऱ्या दिवशी आकाश गार लागेना.

वरचं तापमान... मातीएवढं. नुकत्याच वितळलेल्या, ओल्या मातीएवढं.

केबल बदलली. तेच. यंत्राचं तोंड पुसलं, खोलून परत जोडलं. तेच!

"ढग असतील," तो करवादला.

"दाखव बरं एक तरी."

तेव्हा त्याच्या लक्षात आलं. एवढ्या वेळात डास चावला नव्हता. टुंड्रात, जूनमध्ये. माचाखाली एकही डास नव्हता.

आणि वर फळी करकरली...

कुणी कूस बदलावी तशी.

वाऱ्याचं चक्र ढिम्म उभं होतं.

तो वर चढला. काहीच नव्हतं.

"तोडूनच टाकतो हा माच."

"वर कुणी असताना माच तोडत नाहीत," तुस्कुल म्हणाली. आता ती हसत नव्हती. "आपोआप पडू द्यायचा."

"पण आहे कोण वर?"

"मला काय विचारतोस? तुझ्या यंत्राला विचार."

मग त्यानं चिडून थोडं लांब दुसरा माच बांधला. यंत्र तिथं नेलं. आकाश गार! त्या दिवशी दोघं पोटभर मासे खाऊन झोपले.

उठून बघतात तर...

आकाश पुन्हा मातीएवढं.

"तो इकडे आला," तुस्कुल पुटपुटली.

केस्किलनं यंत्र उचललं आणि परत पहिल्या माचाखाली लावलं.

तिथंही मातीएवढंच.

तो गेला नव्हता. दुसरा कुणीतरी आला होता.

केस्किलनं संस्थेला फोन लावून सगळं सांगितलं. साहेब शांतपणे म्हणाले, एक-दोन जागांवर भरवसा ठेवता येत नाही. शाळा हवी असेल तर आणखी दहा माच बांधा.

ओंडके आणून टाकलेत. मुलं अजून त्याच तिरक्या शाळेत बसतात.

केस्किल रोज ते ओंडके तासायला कुऱ्हाड घेऊन जातो... आणि तशीच परत आणतो.