‘सोड’ म्हणेपर्यंत

इंजिन मेलं असं ज्या कुणी ठरवलं, त्याने एकदा तरी बॉनेट उघडून पाहिलं होतं का? न तपासता मृत्यूचा दाखला द्यायला अक्कल लागत नाही, नुसती घाई पुरते.

ती तणतणतच गॅरेजात शिरली. बाबांना जाऊन दोन महिने झाले होते. त्यांची दोन सीटची जुनी स्पोर्ट्स कार मधोमध उभी होती. दादाने फोनवर बजावलं होतं, "इंजिन धड आहे हे दाखव, नाहीतर पाचला क्रेनवाला येईल. जाऊ दे भंगारात. एकटी किती दिवस कवटाळून बसणार आहेस?"

चार वाजले होते. तिने चारही स्पार्क प्लग काढले आणि पहिल्या सिलिंडरच्या भोकात कॉम्प्रेशनचं, म्हणजे आतला दाब मोजायचं, मीटर घट्ट पिळून बसवलं.

खरं तर हे काम दोघांचं. एकाने मीटर बघायचं, दुसऱ्याने आत बसून ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरायचा. लहानपणी आत ती असायची. बाबांनी "दाब!" म्हटलं की दाबायचं, "सोड!" म्हणेपर्यंत पाय उचलायचा नाही. एकदा बाबा फोन घ्यायला गेले ते विसरलेच. अर्ध्या तासाने आले, तर पायाला मुंग्या आल्या तरी ही तश्शीच.

"अगं वेडे, अजून दाबूनच?"

"तुम्ही ‘सोड’ कुठं म्हणालात?"

आता आत कुणी नव्हतं. स्टार्टरला वायरने जोडलेलं बटण तिने बाहेरूनच दाबलं. धप्... धप्... धप्... काटा साठावर थांबला. दुसरा सिलिंडर पंचावन्न. तिसरा पुन्हा साठ. हवे होते दीडशे. म्हणजे दादाचंच खरं.

चौथ्यात मीटर बसवताना तिने कपाळावर हात मारला. पेडल कुणी दाबलंच नव्हतं! हवेची वाटच बंद, मग दाब येणार कुठून? एकटीने करायला गेलं की ही अशी फजिती. ती खुदकन हसली आणि सवयीने बोलून गेली, "बाबा, दाबा."

ती बटणाकडे वळली.

मग आत सीटचं चामडं हळूच करकरलं. लवंगेचा वास आला... बाबा खोकल्यासाठी दिवसभर चघळायचे, तसा. तिच्या नाकासमोर पेडलला जोडलेली कार्ब्युरेटरची दांडी सरकू लागली. सावकाश. शेवटापर्यंत जाऊन थांबली.

तिने बटण दाबलं. दीडशे.

गाडीच्या काचेकडे न बघता तिने उरलेले तिन्ही पुन्हा तपासले. दीडशे. एकशे अठ्ठेचाळीस. दीडशे. आकडे तिने भिंतीवर खडूने लिहिले. ‘सोडा’ हा शब्द दोनदा ओठांवर आला. दोनदा तिने तो गिळला. म्हटला, आणि हा वासही गेला तर?

पाचला क्रेनवाला आला.

"गाडी द्यायची नाही. इंजिन ठणठणीत आहे," ती म्हणाली. "दादाला मी सांगते."

"बरं झालं. असली गाडी तोडायला जिवावर येतं." तो कौतुकाने गाडीच्या दारातून आत वाकला, हाताने काहीतरी चाचपू लागला, आणि थबकला.

"ताई... हे पेडल तळाला गेलंय. अडकलेलं तर कशातच नाही, पण वर ओढलं की उलट खाली जातंय."