मिठाच्या भुयारातलं साळिंदर

ये, बस शेकोटीपाशी. नवीन आहेस ना? कोऱ्या करकरीत चिलखतावरूनच कळतं. या खेळात मला सगळे आत्याबाई म्हणतात, कारण कुणी विचारलं नाही तरी मी सल्ला देते. तू तर आपणहून विचारलंस, तेव्हा आता सुटका नाही. हेडफोन नीट लाव. आणि तुझ्या खोलीतला दिवा मात्र राहू दे, मालवू नकोस.

तर प्राणी कोणता पाळावा. सगळे नवखे लांडगा घेतात. दिसायला रुबाबदार असतो, पण भुयारात जरा काही हललं की गुरगुरतो आणि मालकाला गोत्यात आणतो. ससाणा उघड्यावर छान, आत गेला की निकामी. माझं ऐकशील तर साळिंदर घे. चालीला मंद, खायला पुढे, पण त्याचं हत्यार पाठीवर असतं. शत्रू दिसला की ते तोंड फिरवतं आणि उलट्या पावली धावून काटे घुसवतं. म्हणून त्याच्या मागे कधी उभं राहायचं नाही. एकदा राहून बघ, म्हणजे पुन्हा सांगावं लागणार नाही.

मिळालेले गुण तलवारीत घालू नकोस. आधी कानात घाल. भुयारात दिवा लावला की आतले सगळे तुझ्याकडे येतात, त्यामुळे शहाणा माणूस दिवा विझवून ऐकत ऐकत चालतो. आणि तिसरी गोष्ट, प्राण्याला हाक शिकवताना खोलीचं दार लावून घे. हसू नकोस. ही तिसरी गोष्ट कुठल्याच मार्गदर्शकात नाही. ती मी का सांगते, ते ऐक.

मला हा खेळ शिकवला माझ्या दादाने. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर इमारतींमधल्या लिफ्टच्या काळोख्या पोकळीत लोंबकळायचं आणि संध्याकाळी घरी येऊन पुन्हा भुयारात शिरायचं. वहिनी शहरात बस चालवते. ती या खेळाला ‘माझी सवत’ म्हणायची. दादाच्या साळिंदराचं नाव ढब्बू. ढब्बूसारखा हट्टी प्राणी आमच्या साऱ्या टोळीत नव्हता. दादा हाका मारमारून थकायचा, आणि हा आपला मीठ चाटत बसलेला. बाकीचे सगळे तोंड दाबून हसायचे. शेवटी दादा स्वतःच त्याच्यामागून चालायचा.

एका संध्याकाळी मी माझ्या घरून आणि दादा त्याच्या घरून, असे आम्ही मिठाच्या भुयारात अगदी शेवटपर्यंत गेलो होतो. मला हेडफोनमधून वहिनीची हाक ऐकू आली. जेवायला बोलावत होती. दादा म्हणाला, “जेवून येतो गं. ढब्बूला थांबवून ठेवतो.” त्याने ढब्बूला थांबायचा हुकूम दिला आणि हेडफोन काढून ठेवला. खुर्चीतून उठून तो खोलीच्या दारापर्यंत गेला, आणि तिथेच कोसळला. हृदयाने दगा दिला. डॉक्टर म्हणाले, काही कळायच्या आत गेला असेल. लोक असंच सांगतात, आणि आपण मानतो.

थांबायचा हुकूम मिळालेला प्राणी इथे उपाशी मरत नाही, म्हातारा होत नाही. मालकाची हाक येईपर्यंत जागचा हलत नाही. दुसऱ्या कुणाच्या मागे जात नाही. त्यामुळे दादा गेल्यावरही ढब्बू भुयाराच्या टोकाला बसूनच होता. येणारेजाणारे मला सांगायचे, “आत्याबाई, आहे हं अजून.” माझ्याच्याने तिथे जाववत नव्हतं.

मग खेळवाल्यांनी जाहीर केलं की जुनी भुयारं बंद होणार. रविवारी सूर्यास्ताला मिठाचं भुयार मिटणार, आणि आत जे असेल ते कायमचं पुसलं जाणार.

मी वहिनीला सहज सांगितलं. मला वाटलं, सवतीचा पसारा आवरतोय म्हणून तिला बरंच वाटेल. तिने हातातला घास ताटात ठेवला.

“म्हणजे तो आतच मरणार?” तिने विचारलं.

“वहिनी, तो खरा नाहीये.”

“यांचं हलतंचालतं असं तेवढंच उरलंय. मला शिकव.”

झालं. मी शिकवायला बसले. पहिल्या दिवशी तिने ब्रेक कुठे आहे ते विचारलं. दुसऱ्या दिवशी ती तीनदा नदीत पडली आणि नदीलाच चार शिव्या दिल्या. तिला एकच खोड होती. दोन पावलं चालली की पडद्यावर मागचं दृश्य उघडून बघायची. मी वैतागून म्हणाले, “अगं, पुढे बघ.” तर म्हणते कशी, “वन्सं, पुढचं कुणालाही दिसतं. गाडी मागचं बघून चालवायची असते.” मी कपाळावर हात मारला.

रविवारी दुपारी दादाची खोली उघडली. तो गेल्यापासून ती बंदच होती. आत कोंदट वास होता, आणि त्याच्याखाली अजून थोडा ग्रीसचा. दादाच्या हाताला तो कायम असायचा. वहिनी दादाच्या खुर्चीत बसली, दादाच्याच खात्यातून आत शिरली. मी शेजारी माझा लॅपटॉप मांडला. बाहेर आभाळ भरून आलं होतं. खोलीत नीट उजेड नव्हता, पण दिवा लावायचं दोघींच्याही मनात आलं नाही.

भुयाराच्या तोंडाशी आमच्या टोळीतले झाडून सगळे जमले होते. ते आत येऊ शकत नव्हते, बंद होण्याआधी दोघांनाच सोडत होते. आम्ही कंदील विझवले आणि आत गेलो.

मिठाच्या भुयारात आवाज उमटतो आणि लगेच मरतो. पायाखाली मीठ चुरचुरतं, तेवढंच. आत एक पांढरा पहारेकरी असतो. आंधळा आहे, पण माइकमध्ये साधा उसासा टाकलास तरी त्याला ऐकू जातो. आमच्या टोळीतल्या कुणाकडूनही तो आजवर हरला नव्हता. तो कुठेतरी दूर पाय फरफटत फिरत होता. आम्ही माइक बंद करून चालत होतो, आणि तरी एकमेकींच्या कानातच बोलत होतो.

“वहिनी, डावीकडून ये...”

“थंडी वाजतेय का गं तुला?”

वाजत होती. खोलीची खिडकी बंद होती आणि माझी बोटं गारठली होती. मी ते तिला सांगितलं नाही.

शेवटच्या दालनात ढब्बू होता. भिंतीकडे तोंड करून बसलेला, अंगावर मिठाची पुटं चढलेली. वहिनी त्याला पहिल्यांदाच इतक्या जवळून बघत होती. तिने ओठ आवळले.

आता हाक मारायची होती. दादाचा आवाज माझ्या फोनमध्ये होता, एका जुन्या निरोपात. “ढब्बू, ये रे बाबा,” असं तो मला हसवायला म्हणाला होता. मी माइक उघडला आणि फोन त्याच्याजवळ धरला. दादाचा आवाज भुयारात उमटला.

ढब्बू हलला नाही.

दूरची फरफट मात्र थांबली. पहारेकऱ्याने ऐकलं होतं. मी तो निरोप पुन्हा वाजवला. पुन्हा काही नाही. फरफट आता आमच्या दिशेने येऊ लागली. पडद्याच्या कोपऱ्यातला सूर्य जवळजवळ बुडाला होता.

“वहिनी, निघूया. नाही येत तो. जिवंतपणी दादाचं ऐकलं नाही, आता काय ऐकणार...”

वहिनीने माझ्याकडे पाहिलंच नाही. तिचे डोळे भरून वाहत होते. समोरच्या काळोखाकडे बघून ती हळू आवाजात, थकलेल्या स्वरात म्हणाली, “अहो, चला ना आता. ताटं वाढलीयेत. हात धुऊन या.”

माइक उघडाच होता.

काटे वाजले. सळसळ, सळसळ. अंगावरचं मीठ झटकून ढब्बू उभा राहिला. त्याने तोंड वळवलं आणि सरळ वहिनीकडे चालत आला.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दादाने ढब्बूला हाक शिकवली त्या दिवशी खोलीचं दार उघडं होतं. दादा बोलायच्या आतच स्वयंपाकघरातून वहिनीची रोजची हाक आली असणार, आणि खेळाने तीच धरून ठेवली. इतकी वर्षं आम्ही त्या मुक्या जिवाला हट्टी म्हणत होतो. तो बिचारा मालकाची हाक येण्याची वाट बघत होता, आणि त्याच्या लेखी मालक वहिनी होती. रोज संध्याकाळी वहिनीने हाक मारली की तो चालू लागायचा, आणि दादाला वाटायचं, आता कुठे याचं डोकं ठिकाणावर आलं. मला रडू आणि हसू एकदमच आलं.

“चल, पळ,” मी म्हणाले. पण पहारेकरी दालनाच्या तोंडाशी येऊन उभा होता.

मी सांगते, भल्याभल्यांनी त्याला पाहून खेळ सोडलाय. छतापर्यंत पांढराफटक, आणि चेहऱ्याच्या जागी नुसता कान. मी तलवार काढली आणि त्याच्या पहिल्याच फटक्यात कोलमडले. माझा पडदा लाल झाला.

“वहिनी, तू सूट...”

“गप गं. हा मागे कसा घ्यायचा, तेवढं सांग.”

मी सांगितलं. वहिनीने मागचं दृश्य उघडलं, मान किंचित वळवली, आणि ढब्बूला उलटा वळवून त्या अरुंद दालनात जागेवर आणला. गर्दीच्या डेपोत बस लावतात तसा. थोडा डावीकडे. अजून थोडा. मग सोडला. ढब्बू उलट्या पावली असा काही धावला की काटे मुळापर्यंत रुतले. पहारेकरी किंचाळला नाही. तो ढासळला, मिठाचा ढीग होऊन पसरला. ज्याला कुणी कधी हरवलं नव्हतं, त्याला माझ्या वहिनीने रिव्हर्समध्ये घालून लोळवलं. अभिमानाने माझा ऊर भरून आला.

आम्ही निघालो. मी पुढे, जेमतेम चालत. माझ्यामागे वहिनी, तिच्यामागे ढब्बूचे काटे वाजत होते. सळसळ, सळसळ. आणि त्याच्याही मागे आणखी काहीतरी.

मी थांबले. तो आवाजही थांबला. चालू लागले, तसा तोही चालू लागला. फरफट नव्हती. साध्या घरातल्या चपलांचा आवाज होता, सावकाश, टाचा घासत. या खेळात कुणी चपला घालत नाही.

“वहिनी... मागे कोण आहे?”

तिने मागचं दृश्य उघडलं. माझ्या पडद्यावर तिथे नुसता काळोख होता. तिच्या पडद्याकडे बघायला मला मान वळवावी लागली असती, आणि माझी मान वळली नाही. मी फक्त तिचा चेहरा बघितला. ती बराच वेळ बघत राहिली. मग तिच्या गालावर हळूच खळी पडली. दादा गेल्यापासून मी ती पाहिली नव्हती.

“काय दिसलं?”

“काही नाही. तू पुढे बघ.”

आम्ही बाहेर आलो तेव्हा सूर्याची शेवटची कड उरली होती. आमच्यामागे भुयार मिटलं. ढब्बू गवतात लोळला आणि अधाशासारखा खाऊ लागला. टोळीने जल्लोष केला. कुणी शिंग फुंकलं, कुणी वहिनीला खांद्यावर घ्यायला निघालं. पहारेकऱ्याला कुणी मारलं, कसं मारलं, सगळे एकदमच विचारत होते. वहिनीने ऐटीत सांगितलं, “मी बस चालवते.” दादाच्या खुर्चीत बसून ती हसत होती, डोळे पुसत होती, पुन्हा हसत होती. इतका आनंद त्या घरात किती दिवसांनी आला होता. आम्ही जिंकलो होतो.

तिने हेडफोन काढला. मीही काढला. खोलीत चांगलाच अंधार झाला होता.

तेवढ्यात खोलीबाहेर, घरातल्या बोळातल्या बेसिनचा नळ सुटला.

घरात आम्ही दोघीच होतो. घराच्या दाराला आतून कडी होती, ती मीच लावली होती. पाण्याचा आवाज येत राहिला. साबण बशीत ठेवल्याचा बारीक आवाज झाला. पुन्हा पाणी. हाताचं ग्रीस निघायला लागतो तेवढा वेळ ते चाललं.

“वहिनी...”

“ऐकलंय मी,” ती म्हणाली. आवाजात भीतीचा लवलेश नव्हता. उलट ती जिंकून आलेल्या माणसासारखी शांत होती.

नळ बंद झाला. वहिनी उठली, मला हाताला धरून तिने बोळातून स्वयंपाकघरात नेलं. मी जमिनीकडे बघत चालले. लाद्या ओल्या होत्या. तिने फळीवरून ताटं काढली, तीन, आणि एकही भांडं न आपटता वाढायला घेतलं.

त्या संध्याकाळी आम्ही पोटभर जेवलो. मी फक्त ताटावरून मान वर केली नाही.