आबांच्या बांधावरचे एकतीस उंदीर

"सुपडूआबांनी बांधावर विषारी औषध टाकलंय," उंदीर-मोजणीचे प्रमुख प्रेमराज सर चारचौघांत म्हणाले आणि पुनमचं डोकंच फिरलं. सुपडूआबा तिचे आजोबा. दहा वर्षं त्यांनी शेतात विष येऊ दिलं नव्हतं, आणि सर उद्या दुपारी हाच अहवाल घेऊन धुळ्याला निघणार होते!

दिवाळीच्या सुट्टीत पारोळ्याजवळच्या त्या गावात उंदीर मोजायचं काम चाललं होतं. सरांच्या हाताखाली काम करणारी भुसावळची कहकशाआपा पिंजऱ्यात शेंगदाणे ठेवून उंदीर पकडायची, कानाला नंबरची बारीक पट्टी लावायची आणि सोडून द्यायची. पुढच्या महिन्यात कोणते नंबर परत सापडले, त्यावरून किती जगले याचा अंदाज संगणक बांधायचा. आपाचा भाऊ आवेज, पुनम आणि पुनमचा चुलतभाऊ तेजस ही तिची फौज. नाल्याकाठी पंचवीस पिंजरे, आबांच्या बांधावर पंचवीस. नाल्याकाठचे उंदीर मजेत होते. बांधावरच्या एकतीस नंबरवाल्यांपैकी मात्र या खेपेला दोनच सापडले, आणि संगणकानं बाकीचे मेलेले धरले.

आपानं सरांना समजावून पाहिलं, की सापडला नाही म्हणजे मेला असं नसतं. जगणं वेगळं आणि पिंजऱ्यात येणं वेगळं. पण सरांना घाई होती. आबा ओट्यावर जाऊन बसले आणि जेवायलाही उठले नाहीत. पुनमला रडूच आलं. मग डोळे पुसून तिनं आवेज आणि तेजसला हाताला धरलं आणि बांध गाठला.

बिळांच्या तोंडाशी ताजी उकरलेली माती होती. पिंजऱ्यांत शेंगदाणे जसेच्या तसे. तेजसनं एका पिंजऱ्यात नाक खुपसलं आणि लागोपाठ तीनदा शिंकला. फिनेल!

हे पिंजरे एरवी पुनमच्या घरी ठेवलेले असत, नाल्याकाठचे शाळेत. मंजुळाकाकूनं दिवाळीची सफाई काढली होती, आणि तिच्या तावडीतून घरातला चमचाही सुटत नसे. पिंजरेही तिनं फिनेलनं धुऊन काढले होते. पिंजरे नुसते कोरडे झाडायचे, हे तिला सांगायचं काम सरांचं होतं. ते विसरले होते.

"सर असं ऐकायचे नाहीत," पुनम म्हणाली. "पिंजरेच बदलू. नाल्याचे इकडे, इकडचे तिकडे."

आपानं हसून परवानगी दिली. दिवस मावळायच्या आत तिघांनी पन्नास पिंजरे वाहिले. तेजस नाल्यात दोनदा आपटला, पण पिंजरा सोडला नाही.

सकाळी पुनमनं सरांना बांधावर ओढतच नेलं. सतरा पिंजऱ्यांची दारं पडलेली! नाल्याकाठी फक्त एकाचं.

"हे नवे आले असतील," सर म्हणाले.

आपा एकेक उंदीर अलगद धरत गेली आणि पुनम कानातला नंबर वाचत गेली. "चार. अकरा. एकोणीस." सतरांपैकी चौदा आबांच्या बांधावरचेच, जुने!

सरांनी नाल्याकाठी जाऊन एक पिंजरा हुंगला आणि तेही शिंकले. मग तडक आबांच्या ओट्याशी येऊन त्यांनी हात जोडले. "चूक माझी आहे, आबा. संगणकाला फिनेलचा वास येत नाही. तुमच्या पोरांना आला. अहवालात या तिघांची नावं मी स्वतः लिहिणार."

मंजुळाकाकू पदराआड तोंड लपवून हसत होती. आबांनी पुनमकडे पाहिलं.

"बठ्ठा जित्ता शेतस ना?"

"हो आबा, जिवंत आहेत."

"मंग वाढ भाकर."